आठ पाने हातात, तीन गायब : जुना क्राफ्ट्समन संच पूर्ण करावा का आणि कसा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पेनसिल्व्हेनियात राहता. शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी घर विकताना तुम्हाला क्राफ्ट्समन या अमेरिकन हत्यार-ब्रँडचे आठ कॉम्बिनेशन पाने दिले, म्हणजे एका टोकाला फिक्स (उघडं तोंड) आणि दुसऱ्या टोकाला रिंग असलेले. मापं ३/८ पासून १ इंचापर्यंत, पण ७/१६, ११/१६ आणि १३/१६ हे तीन नाहीत. सात पान्यांवर व्ही अक्षर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दुहेरी रेघ. १/२ च्या पान्यावर मात्र रेघा नाहीत, व्हीला चिकटून दुसरं एक अक्षर आहे. याखेरीज दोन दुतोंडी फिक्स पाने मिळाले. एक विल्यम्स या कंपनीचा, १९/३२ आणि ११/१६ मापांचा, मळकट राखाडी रंगाचा. दुसऱ्यावर कंपनीचं नाव नाही; एका तोंडाशी नुसतं १/२ लिहिलंय, पण अर्ध्या इंचाच्या नटावर तो खुळखुळतो. सगळ्यांवर थोडाफार गंज आहे. तीन सुटे पाने ऑनलाइन मागवून संच पुरा करावा का, १/२ चा ‘चुकीचा’ पाना बदलावा का, गंज कसा काढावा, आणि यातलं काही सांगलीकडे भावाच्या जुन्या जीपसाठी नेता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी ओहायोत कारखान्यांच्या मेंटेनन्समध्ये बरीच वर्षं फिटरचं काम केलं. जुने अमेरिकन पाने तेव्हापासून जमवतोय, वापरतोय आणि लोकांना त्यांचे संच लावायला मदतही करतोय. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा खरा प्रश्न ‘तीन पाने कुठे मिळतील’ हा नाही. ते मिळतील. खरा प्रश्न असा की तुम्ही ‘पूर्ण’ कशाला म्हणणार आहात? हे आधी कागदावर ठरलं नाही, तर संच कधीच पुरा होत नाही. आज तीन हवे असतात, ते आले की १/४ आणि ५/१६ नाहीत हे लक्षात येतं, मग १ इंचाच्या पुढचे खुणावतात, मग कुणीतरी सांगतं की तुमच्या पान्यांचे ठसे, म्हणजे त्यांवर ठोकलेल्या खुणा, वेगवेगळ्या काळातले आहेत, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

‘पूर्ण’चे निदान तीन अर्थ होतात. पहिला कामाचा: गाडी, सायकल, लॉनमोअर यांना लागणारी सगळी मापं हाताशी असली की झालं, ठसा कुठलाही असो. दुसरा कॅटलॉगचा: अमुक एका वर्षी कंपनीने अमुक इतक्या पान्यांचा संच विकला, तेवढे आणि तेच पाने. तिसरा मालिकेचा: एका ठशात जेवढी मापं कधीही निघाली, तेवढी सगळी. तिन्हींचा खर्च आणि लागणारा वेळ यांत फार अंतर आहे. तुमच्या बाबतीत माझं मत दुसऱ्याकडे झुकतं. ते का, हे कळायला क्राफ्ट्समनचा थोडा इतिहास पाहावा लागेल.

क्राफ्ट्समन हे नाव सिअर्स या अमेरिकन दुकानसाखळीने १९२७ साली एका छोट्या हत्यार कंपनीकडून ५०० डॉलरला विकत घेतलं. सिअर्सने स्वतः पाने कधीच घडवले नाहीत. वेगवेगळ्या फोर्जिंग कारखान्यांकडून (तापलेलं पोलाद ठोकून आकार देणाऱ्या) ते घडवून घेतले जात आणि कुणाचा माल हे ओळखायला पान्यावर छोटी अक्षरं किंवा खुणा ठोकल्या जात. व्ही ही त्यातलीच सगळ्यात जास्त आढळणारी खूण. ती मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या मूर ड्रॉप फोर्जिंग या कारखान्याची. पुढे हीच कंपनी ईस्को झाली. साधारण क्रम असा: दुसऱ्या महायुद्धानंतर दुहेरी रेघांमधला व्ही, मग एकेरी रेघांमधला, आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रेघा जाऊन नुसता व्ही किंवा त्याला जोडलेलं आणखी एखादं अक्षर. म्हणजे तुमचे सात पाने युद्धानंतरच्या पहिल्या पिढीतले आहेत आणि १/२ चा पाना बराच नंतरचा आहे.

आता हा १/२ चा पाना तिथे आला कसा? क्राफ्ट्समनच्या हातहत्यारांवर सिअर्सची आयुष्यभराची हमी असे. पाना मोडला की दुकानात जायचं, मोडका द्यायचा आणि नवा घ्यायचा. पावती लागत नसे. पण मिळायचा तो त्या दिवशी दुकानात असलेला, म्हणजे नव्या ठशाचा. बोल्टचं माप म्हणजे त्याच्या दांड्याचा व्यास; ५/१६ च्या बोल्टचं डोकं १/२ इंचाचं असतं आणि अमेरिकन गाड्यांत व शेतीच्या अवजारांत तो बोल्ट जागोजाग असतो. संचात सगळ्यात जास्त राबणारा पाना मोडला आणि हमीत बदलून आला, हे अगदी जुळतं. म्हणून तो ‘चुकीचा’ आहे असं मी म्हणणार नाही. त्या गृहस्थांनी हा संच खरोखर वापरला याचा तो पुरावा आहे, आणि माझा सल्ला असा की तो संचातून काढू नका. दुहेरी रेघेचा १/२ पुढे कुठे स्वस्तात दिसला तर जरूर घ्या, पण हा शेजारीच ठेवा.

नसलेल्या तीन पान्यांकडेही असंच पाहा. ७/१६ हे १/४ बोल्टच्या डोक्याचं माप. पाना लहान, वापर रोजचा, खिशात ठेवून विसरायला सोपा. तो नक्कीच संचात होता आणि हरवला. ११/१६ आणि १३/१६ यांची गोष्ट निराळी. १३/१६ हे ९/१६ बोल्टच्या डोक्याचं माप, आणि तो बोल्ट घरगुती कामात क्वचितच भेटतो. ११/१६ हे ७/१६ बोल्टवरच्या नटाचं माप. बोल्टचं डोकं मात्र ५/८ चं, आणि ७/१६ चे बोल्टही तसे कमीच. सिअर्स लहानमोठे संच विकत असे, सुटे पानेही विकत असे. घरच्या गॅरेजमध्ये काम करणारा माणूस हे दोन न घेताच आयुष्य काढू शकतो. त्यामुळे तुमच्या आठांत एक हरवलेला आणि दोन बहुधा कधीच नसलेले, असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे, कारण ठाम उत्तर त्या गृहस्थांकडेच असेल. ते अजून संपर्कात असतील तर विचारा. संच कुठल्या सालच्या आसपास घेतला, पाकिटात घेतला की सुटासुटा, एवढं कळलं तरी पुष्कळ. पुसटसं नाव छापलेलं जुनं रेक्झिनचं पाकीट घरात कुठे सापडलं तर तेही मागून घ्या. त्यात पान्यांचे कप्पे किती यावरून मूळ संख्या कळते. पाकिटावर किंवा खोक्यावर पत्ता छापलेला असेल तर शहराच्या नावानंतर काय आहे ते बघा. पाच आकडी झिप कोड १९६३ मध्ये आला, त्याआधी मोठ्या शहरांच्या नावापुढे एक-दोन आकडी टपाल विभाग क्रमांक असे.

एवढी माहिती हातात आली की सिअर्सच्या जुन्या हत्यार-कॅटलॉगची पानं पाहा. संग्राहकांनी स्कॅन करून ठेवलेली बरीच सहज सापडतात. त्या काळाच्या आसपासचं पान निवडा, त्यातला एक संच पक्का करा आणि मापांची यादी वहीत लिहा. प्रत्येक मापापुढे तीन रकाने: आहे की नाही, ठसा कुठला, अवस्था कशी. ही वही माझ्या दृष्टीने व्हर्नियरइतकीच (बारीक मापं मोजायच्या साधनाइतकीच) महत्त्वाची आहे. बाजारात गेल्यावर आठवणीवर विसंबलं की एकच माप चार-चार वेळा घरी येतं.

आता खरेदी. तीन सुटे पाने ऑनलाइन मागवायला माझी हरकत नाही, पण हिशेब बघा. आमच्या भागातल्या फ्ली मार्केटमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, असा सामान्य मापाचा पाना दोन ते पाच डॉलरला मिळतो. ऑनलाइन त्याच पान्याला टपालखर्चच त्याच्या किमतीपेक्षा जास्त बसतो. म्हणून मी सुटा पाना ऑनलाइन तेव्हाच घेतो, जेव्हा माप अवघड असतं. आणि अवघड माप म्हणजे तुम्हाला वाटतं ते नव्हे. ७/१६, १/२, ९/१६ हरवतात सगळ्यात जास्त, पण ते विकलेही गेले सगळ्यात जास्त, त्यामुळे ढिगाऱ्यात सहज मिळतात. दुर्मिळ असतात ते कमी विकले गेलेले: १३/१६, १५/१६, १ इंचाच्या पुढचे, आणि दुसऱ्या टोकाला चिमुकला १/४. तुमच्याकडे १५/१६ आणि १ इंच आधीच आहेत, म्हणजे अवघड काम झालेलं आहे.

दुसरा मार्ग म्हणजे ढीग घेणे. एखाद्या विक्रेत्याने मिसळीचे वीस-तीस पाने एकत्र लावलेले असतात. फोटो मोठा करून पाहिला की त्यात तुम्हाला हवे असलेले एक-दोन ओळखू येतात. ढीग घ्यायचा, हवे ते ठेवायचे, उरलेले दुसऱ्या संग्राहकाला द्यायचे किंवा विकायचे. टपाल खात्याचं फ्लॅट रेटचं खोकं इथे फार उपयोगी. देशांतर्गत ७० पौंडांपर्यंत वजन कितीही असो, दर तोच. लोखंडासारख्या जड मालाला याहून स्वस्त सोय मी पाहिलेली नाही. पण ढीग घेण्यात धोकाही आहे. उरलेले पाने खरंच पुढे जायला हवेत. ते गॅरेजच्या कोपऱ्यात साठू लागले की तुम्ही संच पुरा करत नसता, ढीग वाढवत असता.

प्रत्यक्ष जाऊन घ्यायचं असेल तर तुम्ही नेमके योग्य राज्यात आहात. दर ऑक्टोबरात हर्शीला जुन्या मोटारींचा प्रचंड मेळावा भरतो. तिथे गाड्यांइतकेच सुट्या भागांचे आणि हत्यारांचे विक्रेते असतात. थोडा प्रवास केलात तर मॅसॅच्युसेट्समधलं ब्रिमफील्ड, वर्षातून तीनदा. शिवाय गावोगावचे इस्टेट सेल (माणूस गेल्यावर त्याच्या घरातल्या सामानाची विक्री) आणि शेतांवरचे लिलाव. इस्टेट सेलला शेवटच्या दिवशी भाव बहुतेक वेळा निम्मे होतात, आणि हत्यारांकडे कुणी फिरकलेलंही नसतं. एक गोष्ट मी कटाक्षाने पाळतो. समोर विकणारी व्यक्ती गेलेल्या माणसाची बायको किंवा मुलगी असेल आणि तिला किमतीची कल्पना नसेल, तर खरी किंमत मी आधी सांगतो आणि मग बोलणी करतो. ज्याच्या हाताने घासून गुळगुळीत झालेली हत्यारं आपण घरी नेतोय, त्याच्या घरच्यांना कमी देऊन नेऊ नयेत.

पाना हातात घेतल्यावर काय बघायचं? आधी फिक्स तोंडाचे जबडे. कुणी पाइप लावून जोर केला असेल तर जबडे किंचित फाकलेले असतात. डोळ्यांना ते दिसत नाही. खिशात नवे, न वापरलेले दोन-तीन बोल्ट ठेवा आणि घालून बघा. किंचित ढिलाई हवीच, पण पाना कोपऱ्यावरून घसरू पाहत असेल तर नको. मग रिंग. आतले बारा कोन तीक्ष्ण आहेत का, आणि कडेला केसासारखी चीर आहे का ते उजेडाकडे धरून बघा. तिसरं म्हणजे घासलेल्या खुणा. अडचणीच्या जागी पाना जावा म्हणून मेकॅनिक डोकं ग्राइंडरवर पातळ करत. कामाच्या संचात असा पाना मौल्यवान आहे, कॅटलॉगच्या संचात नाही. मालकाने विद्युत लेखणीने कोरलेलं नाव किंवा आद्याक्षरं मला मुळीच खटकत नाहीत. बाजारात त्यामुळे किंमत थोडी उतरते, तो आपला फायदा. शेवटी लांबी. एकाच मापाच्या पान्याची लांबी मालिकेप्रमाणे थोडी बदलते. भिंतीवर ओळीने लावलात की वेगळ्या मालिकेचा पाना तिथेच उघडा पडतो.

आता त्या दोन दुतोंडी पान्यांकडे येऊ. मला विचाराल तर तुमच्या पेटीतली सगळ्यात वाचनीय वस्तू तीच आहे.

१९/३२ हे माप आजच्या कुठल्याच संचात का नसतं? उत्तर तुमच्याच राज्यात आहे. १८६४ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम सेलर्स यांनी अमेरिकेसाठी आट्यांचं एकच प्रमाण मांडलं, आणि त्यासोबत नटाचं माप ठरवायचा सरळ नियम दिला: बोल्टचा व्यास दीडपट करा आणि त्यात १/८ इंच मिळवा. आपल्याकडच्या वर्कशॉपच्या भाषेत, दीडपट अधिक एक सूत. हेच पुढे यू.एस. स्टँडर्ड म्हणून रुळलं. करून बघा. ५/१६ बोल्टची दीडपट १५/३२, त्यात १/८ म्हणजे ४/३२ मिळवले की १९/३२. ३/८ बोल्टला याच हिशेबाने ११/१६ येतात. म्हणजे तुमचा विल्यम्सचा पाना ५/१६ आणि ३/८ या लागोपाठच्या दोन यू.एस. स्टँडर्ड नटांसाठी घडवलेला आहे. जुन्या पान्यांवर २५/३२ आणि ३१/३२ दिसतात तेही याच नियमातून आलेले: अनुक्रमे ७/१६ आणि ९/१६ बोल्ट.

मोटारगाड्या आल्यावर इतकी थोराड डोकी नकोशी झाली. गाडीत जागा कमी, पोलाद चांगलं, म्हणून मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, बारीक आट्यांचे आणि लहान डोक्याचे बोल्ट रूढ केले. त्यात ५/१६ ला १/२, ३/८ ला ९/१६, आणि १/२ ला ३/४. पुढे हळूहळू सगळीकडे लहान डोकी आली आणि १९/३२, २५/३२ अनाथ झाले. आजही एखादं जुनं लेथ किंवा मळणीयंत्र उघडलं की त्यांची गरज पडते, आणि तेव्हा दुसरा कुठलाच पाना नीट बसत नाही.

तुमच्या बिननावाच्या पान्याचं कोडंही इथेच सुटतं. जुन्या काळी पान्यावर तोंडाचं माप न लिहिता तो ज्या बोल्टसाठी आहे त्याचं माप लिहायची पद्धत होती. १/२ ची दीडपट ३/४, त्यात १/८ मिळवले की ७/८. व्हर्नियर लावून तोंड मोजा. ७/८ च्या किंचित वर भरलं तर तो अर्ध्या इंचाच्या यू.एस. बोल्टचा पाना आहे. ३/४ च्या आसपास भरलं तर एसएईच्या. साधारण ०.९२ इंच भरलं तर तो अमेरिकन नसून ब्रिटिश व्हिटवर्थचा, कारण तिकडेही बोल्टचंच माप लिहीत. लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तोंड मोजणं, ही सवय जुन्या पान्यांच्या बाबतीत लावूनच घ्या.

त्यावर कुठे पेटंटचा क्रमांक असेल तर काळही बांधता येतो. अमेरिकेचं दहा लाखावं पेटंट १९११ मध्ये निघालं आणि वीस लाखावं १९३५ मध्ये. क्रमांक या दोहोंच्या मध्ये कुठे पडतो त्यावरून अंदाज येतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की पेटंटवरून ‘याच्या आधीचा नाही’ इतकंच कळतं. एकदा कोरलेला ठसा कारखाना वर्षानुवर्षं वापरत असे.

विल्यम्सच्या पान्याचा मळकट राखाडी रंग मला आशादायक वाटतो. महायुद्धात क्रोमियम आणि निकेल लष्करी कामासाठी राखून ठेवल्यामुळे पान्यांना चकचकीत मुलामा देणं जवळजवळ थांबलं होतं. त्या वर्षांतले पाने काळे, साधे किंवा कॅडमियमचा राखाडी मुलामा दिलेले मिळतात. तुमचा तसा असू शकतो. म्हणूनच गंज काढण्याच्या बाबतीत या एका पान्याला बाकीच्यांपासून वेगळं काढा. कॅडमियम विषारी आहे. त्यावर तारेचा ब्रश, ग्राइंडर किंवा सँडपेपर अजिबात चालवू नका, त्याची धूळ छातीत जाऊ देऊ नका. व्हिनेगर किंवा लिंबूसत्वातही बुडवू नका, मुलामा विरघळून जातो. हातमोजे घालून, तेलाच्या फडक्याने मळ पुसून घ्यायचा आणि तसाच ठेवायचा.

बाकी क्रोमच्या पान्यांना आधी साबणपाणी आणि जुना टूथब्रश. अर्धा ‘गंज’ हा वाळलेलं ग्रीस आणि धूळ असतो. उरलेल्यासाठी इव्हॅपो-रस्टसारखं गंज ओढून घेणारं द्रावण रात्रभर पुरतं. ते चांगल्या पोलादाला हात लावत नाही, फक्त उघडं पोलाद थोडं काळपटतं. इलेक्ट्रोलिसिसची शिफारस बरेचजण करतात. बिनमुलाम्याच्या काळ्या पान्यांसाठी ती उत्तम पद्धत आहे: पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर, पाना ऋण टोकाला, लोखंडाचा तुकडा धन टोकाला. धन टोकाला स्टेनलेस स्टील मात्र कधीही लावू नका, त्यातून घातक क्रोमियमचे क्षार पाण्यात उतरतात. मुलामा असलेल्या पान्यावर ही पद्धत वापरू नका, सुटू लागलेलं क्रोम पापुद्र्यांनी निघतं. तीव्र आम्ल तर कुठल्याच कडक पोलादाला नको. त्यातला हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करतो. शेवटी नीट वाळवून हलकं तेल किंवा मेणाचा पातळ हात. चकाकी आणायच्या नादात बफिंगच्या चाकावर धरलेला पाना मला बघवत नाही. ठशाच्या कडा गोल होतात, आणि ज्या रेघांवरून आपण सगळा काळ वाचला त्याच पुसल्या जातात.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो असतोच: इतका खटाटोप कशाला, नवे का घेऊ नयेत? केवळ काम करायचं असेल तर नवे घ्या. आज तैवानमध्ये घडणारे चांगले पाने कामाला उत्तम आहेत. जुनं पोलाद म्हणजे श्रेष्ठच, असं मी कधी सांगत नाही. पण तुमच्या हातातला संच असा पुन्हा घडणार नाही. क्राफ्ट्समन हे नाव २०१७ मध्ये स्टॅनली ब्लॅक अँड डेकरकडे गेलं. त्यांनी अमेरिकेतच पाने आणि गोट्या (सॉकेट) घडवायला टेक्सासातल्या फोर्ट वर्थला मोठा कारखाना काढायचं २०१९ मध्ये जाहीर केलं, आणि २०२३ मध्ये तो बंद करायचा निर्णय झाला. स्प्रिंगफील्डच्या हातोड्याखाली घडलेले सात पाने एकाच घरात इतकी वर्षं एकत्र राहिले, हेच मला जपण्याजोगं वाटतं.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा. आधी शेजाऱ्यांना विचारा, पाकीट शोधा. मग कॅटलॉगचं एक पान निवडून यादी वहीत उतरवा. ७/१६ दुहेरी रेघेचा, प्रत्यक्ष बाजारात, घाई न करता. ११/१६ आणि १३/१६ यादीत असतील तरच. त्यातला १३/१६ ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. १/२ जिथे आहे तिथेच. १९/३२ आणि बिननावाचा पाना संचात मिसळायचे नाहीत, त्यांची जागा वेगळी.

राहिली भावाची जीप. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात झाली आणि त्या वंशातल्या महिंद्राच्या जुन्या गाड्यांवर इंची बोल्ट बराच काळ राहिले. तिथे अमेरिकन पाने खरोखर कामाचे आहेत, विशेषतः ७/१६, १/२, ९/१६ आणि ३/४. तिकडच्या गॅरेजमध्ये आता मिलिमीटरचेच पाने जास्त. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर चढतो, पण ढिला पडतो, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे असेच गोल होतात. मात्र इतक्या वर्षांत जीपवर कुणी काय बसवलं असेल ते सांगता येत नाही. बदललेलं इंजिन असेल तर अर्धे बोल्ट मिलिमीटरचे निघतील. भावाला आधी चार-पाच ठिकाणची डोकी व्हर्नियरने मोजून कळवायला सांगा. १२.७ मिलिमीटर आलं तर अर्धा इंच, १४.३ आलं तर ९/१६, १९ च्या आसपास आलं तर ३/४ इंच आणि १९ मिलिमीटर, दोन्ही पाने चालतील.

पण जीपसाठी हा संच फोडू नका. ढिगातून उरलेले, वेगवेगळ्या ठशांचे, फक्त तोंडं शाबूत असलेले पाने त्यासाठी बाजूला काढा. भावाला माप हवंय, रेघा नकोत. विमानात ७ इंचांपेक्षा लांब हत्यारं हातातल्या सामानात चालत नाहीत, म्हणून सगळे चेक-इन बॅगेतच टाका. प्रत्येक पाना तेलाच्या कागदात गुंडाळून, जाड कापडाच्या गुंडाळीत घट्ट बांधून, बॅगेच्या मधोमध ठेवा. कडेला ठेवलेत तर बॅग आपटताना शिवण फाटते.